पानिपत टेबलावर मांडायचं तर: युद्धाचे बोर्ड गेम कसे चालतात आणि कसे बनतात

जानेवारी २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या सीएसआयएस या अभ्याससंस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. चीनने तैवानवर हल्ला केला तर काय होईल, हे तपासायला त्यांनी एक ‘वॉरगेम’ २४ वेळा खेळला होता. बहुतेक डावांत तैवान टिकलं, पण अमेरिका, जपान, चीन आणि तैवान या सगळ्यांचंच जबर नुकसान झालं. बातमी जगभर पसरली. तेव्हापासून हा शब्द अधूनमधून मथळ्यांत दिसतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, कुठल्यातरी तळघरात महासंगणक बसवून हे भाकीत काढलं असणार.

प्रत्यक्षात तिथे टेबलावर पसरलेला नकाशा होता, त्यावर सरकवायचे सैन्याचे तुकडे होते आणि लढाईचा निकाल ठरवणारे तक्ते होते. जगभरातले हजारो हौशी लोक रविवारी दुपारी मित्रांना बोलावून जो खेळ मांडतात, त्याच जातीचा हा खेळ. तो चालतो कसा, तो बनवतात कसा, आणि आपल्याकडची एखादी लढाई अशी मांडायची तर कुठून सुरुवात करायची, हे इथे बघू. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: अशा खेळातला प्रत्येक नियम म्हणजे त्या लढाईबद्दल कुणीतरी मांडलेलं एक मत असतं.

बुद्धिबळात काय कमी होतं?

सैन्य पटावर मांडायची कल्पना आपल्याला नवी नाही. चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ होतंच आणि त्यातूनच पुढे बुद्धिबळ आलं. पण बुद्धिबळाच्या पटावर डोंगर नाही, नदी नाही. घोड्याने प्यादं मारायचं ठरवलं की ते मरतंच. शिवाय समोरच्याचं सगळं सैन्य सतत डोळ्यांसमोर असतं. खऱ्या लढाईत यातलं काहीच खरं नसतं.

ही उणीव भरून काढायचे प्रयत्न जर्मन भाषक प्रदेशात झाले. १७८० मध्ये ब्रुन्सविकच्या योहान हेलविग या गणितज्ञाने १,६१७ घरांचा पट केला आणि त्यावर निरनिराळ्या रंगांनी जमिनीचे प्रकार दाखवले. १८१२ मध्ये राइसविट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने घरं बाजूला ठेवली आणि जमिनीचे उंचसखल तुकडे जुळवून खेळायचं टेबल राजाला सादर केलं. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचं खऱ्या अर्थाने प्रशिक्षणाचं साधन केलं. नकाशाचं प्रमाण १:८००० आणि एक टर्न म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटं. दोन्ही बाजू आपापले हुकूम लिहून पंचाकडे देत. ज्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच पंच नकाशावर मांडायचा आणि चकमकीचा निकाल फाशाने लागायचा. प्रशियाच्या सेनाप्रमुखांना ते इतकं पटलं की त्यांनी हा खेळ सैन्यभर पाठवायची शिफारस केली.

या पंचाच्या खेळाचं मला सर्वांत आवडतं रूप सापडतं ते लिव्हरपूलमध्ये, १९४२ सालचं. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये मालवाहू जहाजांचे तांडे बुडवत होत्या. त्यांच्यावर तोड काढायला ब्रिटिश नौदलाने गिल्बर्ट रॉबर्ट्स या अधिकाऱ्याच्या हाताखाली एक छोटं पथक उभं केलं आणि त्यात बहुतेक नौदलातल्या तरुण मुली होत्या. एका मोठ्या खोलीची फरशी हाच समुद्र. खडूने जहाजांचे मार्ग आखायचे. शिकायला आलेल्या अधिकाऱ्यांना कॅनव्हासच्या पडद्यामागे उभं करायचं आणि एका फटीतूनच बघू द्यायचं, कारण समुद्रातही जहाजावरून तेवढंच दिसतं. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने काढायचे, म्हणजे तो फटीतून दिसायचा नाही. जीन लेडलॉ आणि जॅनेट ओकेल या मुलींनी हे डाव खेळून खेळून पाणबुडी तांड्याच्या आत कशी शिरत असेल, हे शोधून काढायला मदत केली आणि तिच्यावरचा नवा डावपेच बसवला. ‘रॅस्पबेरी’ हे त्याचं नाव. पुढे ॲडमिरल मॅक्स हॉर्टन तिथे आले. ते स्वतः जुने पाणबुडीवाले. त्यांनी पाणबुडीची बाजू घेतली आणि पडद्यामागच्या ओकेलकडून लागोपाठ पाच वेळा हरले.

हौशी माणसाच्या घरात हा खेळ आणला तो चार्ल्स रॉबर्ट्स या अमेरिकन तरुणाने. १९५४ मध्ये त्याने आपला पहिला गेम विकायला काढला आणि १९५८ मध्ये बाल्टिमोरला ॲव्हलॉन हिल ही कंपनी सुरू केली. पंच काढून टाकून त्याचं काम छापील नियमांवर सोपवणं हा त्याचा मोठा बदल. आता दोन माणसं आणि एक टेबल पुरे होतं.

नकाशावर मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं का?

वॉरगेमचा नकाशा बघितला की आधी दिसतात ते षटकोन. खेळणारे त्यांना हेक्स म्हणतात. चौकोनी घरांची एक अडचण असते: शेजारच्या घरात सरळ गेलं तर एक घर, तिरकं गेलं तरी एकच घर, पण तिरकं अंतर खरं तर ४१ टक्के जास्त असतं. म्हणजे तिरकं पळणाऱ्या फौजेला फुकटचा वेग मिळतो. षटकोनाला सहा शेजारी असतात आणि सहाही सारख्याच अंतरावर. रॉबर्ट्सच्या कंपनीने १९६१ पासून हे हेक्स वापरायला सुरुवात केली आणि या छंदाची ती ओळखच होऊन बसली.

हेक्सवर ठेवायचा पुठ्ठ्याचा छोटा चौकोन म्हणजे काउंटर, साधारण अर्ध्या इंचाचा. त्यावर बहुतेक वेळा दोन आकडे असतात: एक लढण्याची ताकद, दुसरा एका टर्नमध्ये किती हेक्स चालता येतं त्याचा. सपाट मैदानाला एक, जंगलाला दोन, नदी ओलांडायला आणखी एक, असा खर्च त्यातून वजा होत जातो.

आता हल्ला. समजा तुमच्या तीन काउंटरची ताकद मिळून १२ आहे आणि समोरच्या टेकडीवरच्या शत्रूची ४. प्रमाण ३ ला १. नियमांबरोबर एक तक्ता येतो. त्यात वर प्रमाणं लिहिलेली असतात आणि बाजूला फाशाचे आकडे. ३:१ च्या रकान्यात बोट ठेवायचं, फासा टाकायचा आणि निकाल वाचायचा: शत्रू मागे हटला, दोघांचं नुकसान झालं किंवा शत्रू नेस्तनाबूत. अपूर्णांक बचाव करणाऱ्याच्या बाजूने सोडायचा, ही बहुतेक गेमांची रीत. म्हणजे तुमची ताकद १२ ऐवजी ११ भरली तर प्रमाण थेट २:१ वर घसरतं आणि त्या रकान्यात तुमच्याच माणसांना माघार घ्यावी लागण्याची भीती असते. त्यामुळे गेममधला बराच वेळ एका आकड्याच्या शोधात जातो. कुठली तुकडी इथे खेचून आणता येईल, आणि ती आणली तर मागे कुठलं भगदाड पडेल? सेनापतीच्या डोक्यात नेमकं हेच चालत असणार, आणि म्हणून हा साधा तक्ता इतकी वर्षं टिकला.

आणखी एक नियम समजला की बहुतेक जुने गेम उलगडतात. प्रत्येक तुकडीचा तिच्या सभोवतालच्या सहा हेक्सवर वचक असतो. त्यात पाऊल ठेवलं की थांबावं लागतं. कबड्डीत चढाई करणारा गडी कोपऱ्यातल्या दोघांच्या टप्प्यात शिरला की त्याची पुढची हालचाल त्याच्या एकट्याच्या मर्जीची राहत नाही, तसंच. या नियमामुळे दोन-दोन हेक्स सोडून उभ्या केलेल्या थोड्या तुकड्याही लांबलचक आघाडी अडवून धरतात.

फासा टाकायचा म्हणजे शेवटी नशीबच ना?

हा प्रश्न बुद्धिबळ खेळणारा प्रत्येक जण विचारतो. फाशाने नशीब येतं, हे खरंच आहे. पण किती नशीब आणायचं, हे डिझायनरच्या हातात असतं. एका फाशात १ ते ६ हे सगळे आकडे सारख्याच शक्यतेने पडतात. दोन फाशांची बेरीज घेतली की चित्र बदलतं: ३६ पैकी ६ वेळा बेरीज ७ येते, तर २ किंवा १२ येण्याची शक्यता प्रत्येकी ३६ मध्ये फक्त एक. ६, ७ आणि ८ मिळून १६ वेळा येतात. म्हणजे बहुतेक हल्ले अपेक्षेप्रमाणे होतील आणि क्वचितच एखादी अघटित गोष्ट घडेल. शिस्तबद्ध फौजांच्या गेमला दोन फासे शोभतात. पहाटेच्या धुक्यातल्या अचानक चकमकीला एकच बरा.

माझ्या मते फाशाचा खरा उपयोग वेगळा आहे. फासा पडायच्या आधीच हरण्याची तयारी ठेवावी लागते. ‘हा हल्ला फसला तर राखीव फौज कुठे आहे?’ हे ज्याने आधी विचारून ठेवलं, तो दहा डावांत सात-आठ वेळा जिंकतो. एका फाशावर सगळं लावणारा एखाद्याच डावात चमकतो.

पानिपतचा गेम करायचा, पण कुठला पानिपत?

आता बनवण्याकडे वळू. मराठी माणसाला पहिल्यांदा सुचतं ते पानिपतच, म्हणून तेच घेऊ.

नवखा डिझायनर नकाशा काढायला बसतो. त्याआधी करायचं काम म्हणजे प्रश्न ठरवणं. पानिपतावर मराठे का हरले? या प्रश्नाचं तुमचं उत्तर काय आहे, त्यावर तुमचा गेम ठरतो.

एक उत्तर असं: त्या दिवशी रचना मोडली म्हणून. मधोमध बुणगे, म्हणजे न लढणारी माणसं, आणि चहूबाजूंनी फौज असा ‘गोल’ करून यमुनेच्या बाजूने दिल्लीकडे सरकायचं ठरलं होतं. डाव्या बाजूला इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटणं रोहिल्यांना मागे रेटत होती. मग काही सरदारांनी आपल्या घोडदळासह परस्पर पुढे उडी घेतली, असं सांगितलं जातं. दुपारी विश्वासराव पडले आणि अब्दालीची राखीव फौज तुटून पडली. हे उत्तर पटत असेल तर गेम १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाचा. अर्ध्या तासाचा एक टर्न, आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम सरदार हुकूम पाळतो की नाही याचा. होळकर, शिंदे, गायकवाड, विंचूरकर या प्रत्येकाच्या काउंटरवर ताकदीइतकाच मोठा आकडा त्याच्या आज्ञापालनाचा. पुढे झेपावायची संधी दिसली की फासा टाका. फासा फसला तर तो निघाला, मग भाऊ काहीही म्हणोत.

दुसरं उत्तर: उत्तरेत कुणी साथीला उरलं नाही म्हणून. सूरजमल जाट दिल्लीहून परत गेला. अवधचा शुजाउद्दौला जुलै १७६० मध्ये अब्दालीला मिळाला. राजपूत बाजूला राहिले. हे उत्तर पटत असेल तर गेम आख्ख्या १७६० सालचा, पत्त्यांवर चालणारा, आणि त्यातली मुख्य झटापट शुजाला वळवण्याची. १९९३ मध्ये मार्क हर्मन या अमेरिकन डिझायनरने अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरच्या आपल्या गेममध्ये पत्त्यांनी चालणाऱ्या या पद्धतीचा पाया घातला. हातात पत्ते असतात. एकच पत्ता फौज हलवायला वापरायचा की त्यावरची घटना घडवायची, हे तुम्ही ठरवायचं. दोन्ही मिळत नाही.

तिसरं उत्तर आहे भूक, आणि मला सर्वांत जास्त पटतं ते हेच. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंनी दिल्लीच्या उत्तरेकडचं कुंजपुरा हे ठाणं घेतलं. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. मराठे उत्तरेला, अब्दाली दक्षिणेला, सगळं उलटं. मग अडीच महिने दोघं एकमेकांसमोर. या काळात लढाई थोडीच झाली, ज्याचं धान्य आधी संपेल त्याचं हरणं ठरलेलं होतं. इथे टर्न आठवड्याचा घ्यावा लागतो. १ नोव्हेंबर ते १४ जानेवारी म्हणजे साधारण ११ टर्न. एक हेक्स पाच किलोमीटरचा घेतला तर पानिपत ते दिल्ली हे सुमारे ९० किलोमीटरचं अंतर १८ हेक्समध्ये बसतं. टेबलावर मावतं आणि एका संध्याकाळीत संपतं.

एकच पानिपत, पण तिन्ही गेम एकमेकांच्या जवळही जात नाहीत. तिन्ही उत्तरं एकाच गेममध्ये कोंबायचा मोह प्रत्येकाला होतो. तो टाळलेला बरा. नियमांची चाळीस पानं होतात आणि मग कुणीच खेळत नाही.

भुकेचा गेम: इतिहास माहीत असलेल्याला कसं फसवायचं?

मराठी घरात पानिपतचा शेवट शाळकरी मुलालाही माहीत असतो. भाऊंची बाजू घेणारा पहिल्याच टर्नला म्हणणार, ‘बागपतचा उतार रोखून धरतो’. भाऊंना जे माहीत नव्हतं ते त्याला माहीत आहे. या अडचणीवर जुना उपाय आहे: लाकडी ठोकळे. १९७२ मध्ये कॅनडात निघालेल्या क्वेबेकच्या लढाईवरच्या गेमपासून ते चालत आले आहेत. ठोकळा उभा ठेवायचा, आकडे चिकटवलेली बाजू आपल्याकडे. समोरच्याला इथे काहीतरी आहे एवढंच दिसतं. ते दहा हजारांचं घोडदळ आहे की रिकामा, फसवा ठोकळा, हे त्याला कळत नाही. नुकसान झालं की ठोकळा एका बाजूवर वळवायचा आणि वरच्या कडेला नवा, कमी आकडा येतो. अब्दालीला यमुनेकाठी तीन-चार उतार द्यायचे, चार ठोकळे द्यायचे आणि त्यातले दोन फसवे ठेवायचे. मग बघा भाऊ कुठे पहारा बसवतात ते.

गोविंदपंत बुंदेल्यांचंही तसंच. ते गंगा-यमुनेच्या मधल्या दुआबात अब्दालीची रसद मारत होते आणि डिसेंबरात मारले गेले. हे तारखेने ठरवून टाकलं तर खेळात जीव राहत नाही. त्याऐवजी त्यांचा ठोकळा भाऊंच्या खेळाडूला हलवू द्यायचा. ते जितके अब्दालीच्या छावणीजवळ जातील तितकी जास्त रसद तुटेल आणि तितकंच त्यांना गाठणं सोपं होईल. किती जवळ जायचं, याचा निर्णय खेळाडूवर. धोका कळतो, आणि तरी माणूस जवळ जातोच, कारण छावणीतलं धान्य दर टर्नला खाली जाताना दिसत असतं.

आता बुणग्यांचा प्रश्न, आणि इथे चाचणीचं महत्त्व कळतं. गेम तयार झाला की तो दुसऱ्यांना खेळायला द्यायचा. आधी जवळच्यांना. नंतर अनोळखी लोकांना नुसते नियम देऊन, आणि आपण बाजूला गप्प बसून. अशा चाचणीत कुणीतरी चलाख खेळाडू पहिल्या टर्नला सगळे बुणगे पानिपतात सोडणार, हलक्या घोडदळानिशी निघणार आणि गेम जिंकणार. नियमाप्रमाणे त्याचं चुकलेलं नाही. मग डिझायनरने काय करायचं? ‘बुणगे सोडता येणार नाहीत’ असा नियम लिहिणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात वाईट, कारण ते का सोडता येत नव्हते हे त्यात कुठेच येत नाही. छावणीत भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, सरदारांची आणि शिपायांची कुटुंबं होती, यात्रेकरू होते. ते मागे सोडले तर कुठला शिपाई पुढे लढेल? म्हणून नियम असा हवा: बुणगे सोडता येतील, पण सोडलेल्या प्रत्येक ठोकळ्यामागे फौजेचं मनोधैर्य दोन पायऱ्या खाली. आता खेळाडू मोकळा आहे. त्याला भाऊंच्या जागी बसून भाऊंचा पेच दिसतो आणि बहुतेकदा तो भाऊंसारखाच अडकतो.

अब्दालीलाही स्वस्थ बसू द्यायचं नाही. त्याचीही माणसं घरापासून लांब आहेत, शुजासारखे दोस्त तडजोडीच्या गोष्टी करत आहेत. त्याचा संयमही दर टर्नला थोडा झिजला पाहिजे, नाहीतर त्याला नुसती वाट बघणं पुरेल आणि समोरच्याला मरेपर्यंत बसावं लागेल.

शेवटचा मुद्दा जिंकण्याच्या अटींचा. भाऊंनी अब्दालीला हरवलं तरच जिंकले असं ठरवलं तर त्या बाजूने कुणी बसणार नाही. पण ‘निम्म्याहून जास्त बुणगे आणि निम्मी फौज दिल्लीला पोचली तर मराठ्यांचा विजय’ असं लिहिलं की खेळ दोघांचा होतो. इतिहासातल्या हरलेल्या बाजूला काय साध्य होण्यासारखं होतं, हे डिझायनरला इथे ठरवावंच लागतं. पुस्तक वाचताना हा प्रश्न आपल्याला कुणी विचारत नाही.

एवढ्या माणसांच्या मरणाचा खेळ करायचा?

हा आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. पानिपत मराठी घराघरांत शोक होऊन राहिलं आहे आणि त्याचे काउंटर कापताना हात थांबला तर ते माणूसपणाचंच लक्षण.

पण युद्धावरचा गेम युद्धाची भलामण करतोच असं नाही. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या सैनिकांच्या युद्धखेळाचे नियम पुस्तकरूपात छापले आणि त्याच पुस्तकात खऱ्या युद्धाचा निषेध केला. अलीकडचं उदाहरण ‘गांधी’ या २०१९ मध्ये आलेल्या गेमचं. १९१७ ते १९४७ मधल्या हिंदुस्थानाचा नकाशा, आणि चार बाजू: ब्रिटिश राज, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि क्रांतिकारक. या गेमची पद्धत मुळात बंडखोरी आणि गनिमी युद्धाच्या गेमांसाठी वोल्को रुन्के यांनी बसवली होती. ब्रूस मॅन्सफील्ड यांनी तिच्यात सत्याग्रहासारखा अहिंसक प्रतिकार बसवून दाखवला.

खरा धोका मला दुसरीकडे दिसतो. गेममध्ये खुर्ची कुणाला मिळते? कोल वेर्ली यांच्या ‘जॉन कंपनी’मध्ये खेळाडू ईस्ट इंडिया कंपनीत हातपाय पसरणारी ब्रिटिश घराणी होतात. लोभ आणि भ्रष्टाचार उघडा पाडणं हाच तिथे हेतू आहे आणि तो साधतोही. पण हिंदुस्थानची राज्यं टेबलावर असतात ती खेळाडू म्हणून नाही, परिस्थिती म्हणून. आपल्या इतिहासावरचे बरेच गेम बाहेरच्यांनी केले आहेत, त्यामुळे कुणाच्या नजरेतून बघायचं हे त्यांनी ठरवलं. ते बदलायचं तर गेम आपण केले पाहिजेत. मराठी कागदपत्रं, बखरी, रोजनिशा वाचता येणारी माणसं आपल्याकडे आहेत आणि त्यांच्याइतका तपशील परदेशातल्या डिझायनरच्या हाती लागणं कठीण.

नियमांत लपलेल्या मताचं सर्वांत प्रामाणिक उदाहरण म्हणजे २००५ चा ‘ट्वायलाइट स्ट्रगल’. आनंद गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांचा हा शीतयुद्धावरचा गेम. त्यात एका देशातला प्रभाव शेजारच्या देशात पसरत जातो. हे जगाबद्दल खरं होतं का? डिझायनर तसा दावा करत नाहीत. त्या काळातल्या पुढाऱ्यांना ते खरं वाटत होतं आणि खेळाडूने त्यांच्यासारखा विचार करावा म्हणून नियम तसे आहेत, असं त्यांनी सरळ सांगितलं आहे.

मग गेममधून काही सिद्ध होतं का?

एका डावातून काहीच नाही. भाऊ तुमच्या टेबलावर जिंकले म्हणून १७६१ मध्ये जिंकले असते, असं कुणी म्हणू नये. सीएसआयएसने २४ डाव खेळले ते यासाठीच. दर वेळी एखादं गृहीतक बदलायचं, जपानने आपले तळ वापरू दिले की नाही, यासारखं, आणि कशाने निकाल उलटतो ते बघायचं. उपयोगी असते ती एवढीच माहिती.

आणि गेम चालवणारा प्रामाणिक नसेल तर तीही मिळत नाही. २००२ मध्ये अमेरिकी सैन्याने ‘मिलेनियम चॅलेंज’ नावाचा सुमारे २५ कोटी डॉलरचा भव्य सराव केला. शत्रूच्या बाजूने पॉल व्हॅन रायपर हे निवृत्त जनरल होते. त्यांनी रेडिओ बंद ठेवला, निरोप मोटरसायकलवरून पाठवले आणि क्षेपणास्त्रं व छोट्या बोटींच्या एकाच झडपेत कागदावरची १६ अमेरिकी जहाजं बुडवली. मग सराव थांबवून जहाजं पुन्हा तरंगवण्यात आली आणि शत्रूने काय करायचं नाही याच्या मर्यादा घालण्यात आल्या. व्हॅन रायपर बाजूला झाले. पुढच्या वेळी ‘वॉरगेममध्ये अमुक देश जिंकला’ अशी बातमी वाचाल तेव्हा दोन गोष्टी शोधा: किती डाव खेळले, आणि शत्रूच्या बाजूला बसलेल्याला किती मोकळीक होती.

कॉम्प्युटर असताना पुठ्ठा कशाला?

खेळण्यासाठी कॉम्प्युटर उत्तमच, विशेषतः दोस्त परगावी असेल तर. पण त्यात नियम आत दडलेले असतात. हल्ला फसला, एवढंच पडद्यावर कळतं. कागदावर का फसला तेही कळतं, आणि पटलं नाही तर पेन्सिलने तक्त्यातला आकडा बदलून पुन्हा खेळता येतं. डिझायनर होण्याची वाट तिथूनच सुरू होते.

सुरुवात कुठून करायची?

आधी खेळा. रिचर्ड बोर्ग यांचा २००४ चा ‘मेमॉयर ४४’ तासाभरात संपतो आणि दहा-बारा वर्षांची मुलंही खेळतात. नंतर २०१९ चा ‘अनडॉन्टेड: नॉर्मंडी’ बघा. परदेशातून मागवले की कस्टम आणि कुरिअरमुळे हे गेम महाग पडतात, म्हणून तीन-चार जणांनी मिळून एक घ्यावा. इंटरनेटवरून छापून घरी कापायचे गेमही बरेच मिळतात.

बनवायला खर्च जवळपास नाहीच. हेक्स छापलेला ए-थ्री कागद, जुन्या लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा, कात्री, गोंद आणि दोन फासे. पहिला आराखडा सुंदर करू नका. सुंदर नकाशा खोडवत नाही आणि पहिले काही नकाशे खोडण्यासाठीच असतात.

आणि पहिल्या गेमसाठी पानिपत नको. ते फार मोठं आहे. १७२८ चं पालखेड घ्या. बाजीराव आणि निजाम, दोनच फौजा. बाजीरावांनी मुलूखभर पळवत निजामाला त्याच्या अवजड तोफखान्यापासून तोडलं आणि फेब्रुवारीअखेर पालखेडजवळ पाण्यावाचून कोंडलं. मार्चमध्ये मुंगी शेवगावचा तह झाला, मोठी लढाई न होताच. म्हणजे लढाईचा तक्ता अगदी छोटा पुरेल आणि सगळी मेहनत चालीच्या नियमांत घालता येईल. बाजीरावांना एका टर्नमध्ये सहा हेक्स द्या, निजामाला तोफांसकट दोन आणि तोफा सोडल्या तर चार. पाणी फक्त काही ठराविक हेक्सवर. निजामाच्या खेळाडूला तोफा कधी सोडाव्याशा वाटतात ते टिपून ठेवा, आणि तो त्या कधीच सोडत नसेल तर चारचे पाच करून पुन्हा खेळा.